डिग्री काढा, राजहंस लावा!

‘अठ्ठावीसशे.’

फ्रेमवाल्याने टेप अजून गुंडाळलीही नव्हती आणि आकडा सांगून मोकळा झाला. वर ‘म्युझियम ग्लास लावली तर वेगळे’ हेही. स्टेशनबाहेरच्या त्या गर्दीत मी दोन मिनिटं नुसतीच उभी. सध्या एका ठिकाणचं पेमेंट ‘प्रोसेसमध्ये’ आहे, दुसऱ्या ठिकाणचं ‘अकाउंट्सकडे’ आहे आणि तिसऱ्या ठिकाणी फोनच उचलत नाहीत. फ्रीलान्सर मंडळींना हा फंडा समजावून सांगायला नको! तर अठ्ठावीसशे रुपये म्हणजे माझा निम्म्या महिन्याचा किराणा. मी पिशवी छातीशी धरली आणि सरळ भाईंदरच्या घरची वाट धरली.

पिशवीत राजहंस होते. दोन. मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेले, मागे डोंगर, पुढे निळं पाणी. नव्वदच्या दशकात ज्यांच्या आया-मावश्या भरतकाम करायच्या, त्यांनी हे हंस कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये पाहिलेलेच असणार. आमचे मात्र कधीच भिंतीवर चढले नाहीत. आईने ते २००३ मध्ये पूर्ण केले आणि तेव्हापासून ते कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या खाली, घडी घालून पडून.

हे हंस मुळात ट्रेनमध्ये जन्मले. आई चर्चगेटजवळच्या एका ऑफिसात होती. लेडीज स्पेशल ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि १९९३ मध्ये विरारपर्यंत आली, पण विरारहून येणारी गाडी भाईंदरला पोचेपर्यंत गच्च भरलेली. म्हणून आई आणि तिचा ग्रुप भाईंदरहून सुटणारीच गाडी पकडायचा. बसायला जागा, हातात सुई, साधारण ४३ किलोमीटरचा प्रवास. कोणी मेथी निवडायची, कोणी क्रोशाचं विणायची, आणि आई हंस भरायची. गाडीने झटका दिला की सुई बोटात. ‘बांद्र्याला हमखास टोचायची,’ असं ती अजून म्हणते.

परवा मी मुद्दाम मोजलं. इंचाला अकरा घरं, चित्र साडेनऊ बाय साडेतेरा इंच. म्हणजे रुंदीत १०४ आणि लांबीत १४८ घरं. आकाश कोरंच सोडलंय, तरी दहा हजारांच्या वर फुल्या असतील. प्रत्येक फुलीचे दोन टाके. करा हिशोब!

आणखी एक गंमत. डावीकडचं पाणी एका निळ्या रंगाचं आहे आणि उजवीकडचं किंचित वेगळ्या. मला आधी वाटलं, ऊन-सावलीचा इफेक्ट आहे. आई म्हणाली, ‘कसला इफेक्ट! १९९७ला तू झालीस. दोन वर्षं सुईला हात लागला नाही. परत सुरू केलं तेव्हा दोऱ्याची लडी त्याच नंबरची आणली, पण रंगाचा लॉट वेगळा निघाला.’ म्हणजे हंसांच्या मधोमध मी आहे तर.

आता प्रश्न असा की घाई कशाला? घाई अशी की आईला आता मॅटीची घरं मोजता येत नाहीत. चष्मा बदलून झाला, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, वर्तमानपत्र छान वाचते, पण अकरा घरांचा इंच तिला नुसता पांढरा दिसतो. या हंसांचं काही बरंवाईट झालं तर पुन्हा भरणं नाही. आणि घडीवर पिवळी रेघ धरायला लागली होती.

मग मी घोषणा केली, ‘मी घरीच फ्रेम करते.’ आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिने मी मास कम्युनिकेशनला अ‍ॅडमिशन घेते म्हटल्यावर पाहिलं होतं.

तिची भीती अगदीच पोकळ नव्हती. आमच्याकडे आधी एक फ्रेम होऊन गेली आहे. पोपटांची जोडी आणि खाली ‘सुस्वागतम्’. एका फ्रेमवाल्याकडून करून आणली होती, दिसायला झकास. आतून मात्र कापड हार्डबोर्डला सरळ गोंदाने चिकटवलेलं आणि वर काच घट्ट टेकवलेली. २६ जुलै २००५च्या पावसात आमच्या तळमजल्यावरच्या भिंतींनी पाणी पिऊन घेतलं. त्यानंतर पोपटांच्या पंखांवर आधी काळे ठिपके आले, मग गोंदाच्या जागी तपकिरी डाग. कापड सोडवायला गेलो तर बोर्डाचा थर बरोबर निघाला. पोपट गेले ते गेले.

त्यामुळे आईची अट एकच होती. ‘कापडाला काहीही चिकटवायचं नाही. उद्या सोडवलं तर जसंच्या तसं हातात आलं पाहिजे.’

नंतर थोडं वाचल्यावर कळलं, म्युझियमवाल्यांचाही पहिला नियम हाच. आईने मात्र तो पोपटांच्या जिवावर शिकलेला.

तर पहिली गोष्ट, फ्रेम. नवी लाकडी पट्टी कापून घेणं महाग. तयार फोटो फ्रेम स्वस्त मिळतात, पण त्यांची मागची खाच उथळ असते. त्यात फोटो बसतो. बोर्ड, कापड आणि काचेखालची मोकळी जागा एवढं सगळं बसत नाही. मी भंगारवाल्याकडेही जाऊन आले. देवांच्या फोटोंच्या दोन फ्रेम मिळत होत्या, पण एकीच्या लाकडाला बारीक भोकं होती. भोकं असलेलं लाकूड फुकट मिळालं तरी घेऊ नका, भुंगा घरात येतो.

घरी येऊन सोफ्यावर पडले आणि समोर नजर गेली. जाडजूड तपकिरी फ्रेम, सोनेरी कड, आतलं माप बारा बाय सोळा, खाच चांगली दीड सेंटिमीटर, काच अखंड. आत माझी डिग्री!

बाबांनी ती फ्रेम हौसेने करून घेतली होती. पोरगी ग्रॅज्युएट झाली त्याच आठवड्यात. ते पेपर वाचत होते. मी स्टुलावर चढले तेव्हा त्यांनी पेपर खाली केला.

‘काय करतेस?’

‘बाबा, या डिग्रीने मला आजवर जेवढे पैसे दिलेत ना, त्यापेक्षा जास्त ही फ्रेम वाचवणार आहे.’

‘आलेल्या माणसांना मी काय दाखवू?’

‘हंस दाखवा.’

बाबा त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत. खरं सांगू, मलाही उगाच अपराधी वाटत होतं. पण डिग्री फाइलमध्ये गेली.

दुसरी गोष्ट, धुणं. यात मी सर्वात जास्त घाबरले. न धुता फ्रेम केलं तर हाताचा घाम, तेलकटपणा कापडात राहतो आणि पुढे पिवळा पडतो. बावीस वर्षांच्या घडीची रेघ तर होतीच. पण रंग गेला तर? आईने पांढरा रुमाल ओला केला आणि एकेका रंगावर दाबून पाहिला. निळा पास, हिरवा पास. चोचीच्या केशरीने रुमालावर फिकट गुलाबी ठसा सोडला. बोंबला!

मी म्हटलं, राहू दे, ओल्या कापडाने नुसती रेघ पुसू. आई म्हणाली, ‘थोडंसं ओलं केलंस की रंग शेजारच्या पांढऱ्यात पसरतो आणि तिथेच वाळतो. पूर्ण बुडवलं की पाण्यात निघून जातो.’ आणि मी काही बोलायच्या आत हंस मोठ्या टबात! गार पाणी, साध्या लिक्विड साबणाचे थेंब. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं पाण्यात हलवायचं. पाणी गुलाबी झालं की बदलायचं. सात वेळा बदललं. आठव्यांदा स्वच्छ. मग टॉवेलमध्ये गुंडाळी करून पाणी टिपलं आणि पंख्याखाली सपाट पसरलं. चोची जागेवर, पंख पांढरेच. घडीची रेघ पुसट झाली, गेली नाही.

(रेशमी दोरा असेल, जरी किंवा मणी असतील, किंवा काम कोणी आणि कशाने केलंय हेच ठाऊक नसेल, तर हा आगाऊपणा करू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, बास.)

इस्त्री किंचित दमट असताना, उलट बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून. म्हणजे फुल्या चेपत नाहीत. डाग उरला असेल तिथे इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

इस्त्रीसाठी काम उलटं टाकलं, तेव्हा मी पहिल्यांदाच त्याची मागची बाजू पाहिली. गाठी, लोंबणारी टोकं, एका हंसाकडून दुसऱ्याकडे तिरका गेलेला दोरा. चालत्या गाडीत आणखी काय होणार? मी हसले. आई हसली नाही.

‘सासूबाईंनी असंच उलटून बघितलं होतं,’ ती म्हणाली.

माझी आजी बेळगावची. तिने इरकली लुगड्यांवर कसुती काढलेली. कसुतीत गाठ मारत नाहीत. त्यातली गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, जाताना अर्धे टाके आणि परत येताना उरलेले, त्यामुळे उलट-सुलट सारखंच दिसतं. ज्या बाईचा हात असा तयार झालाय, ती भरतकाम समोरून बघतच नाही. हंस पूर्ण झाले तेव्हा घरात पाहुणे होते. आजीने कापड हातात घेतलं, उलटलं आणि चारचौघांत म्हणाली, ‘पुढून काय, कोणीही भरतं.’

आईने त्याच संध्याकाळी घडी घातली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की फ्रेमचे पैसे नव्हते म्हणून. आजी जाऊन आता अकरा वर्षं झाली. आजी वाईट नव्हती हो, माझ्यावर तर जीव होता तिचा. पण त्या दिवशी तिने बोलायला नको होतं.

असो. मागच्या बाजूकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हेही खरं. कडक बोर्डावर कापड ताणलं की गाठी पुढून पुटकुळ्यांसारख्या वर येतात. आणि गडद दोरा कोऱ्या आकाशामागून गेला असेल तर उजेडात त्याची सावली दिसते. तिरके गेलेले दोरे आईनेच, भिंग लावून, बोथट सुईने भरलेल्या टाक्यांखाली सरकवले. दोन तास लागले. गाठींना हात लावला नाही. त्यावर उपाय खालच्या गादीचा.

ती गादी अशी. पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड स्टेशनरीच्या दुकानातून आणला आणि फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर कमी कापला, कारण कापडाची जाडीही आत मावायची असते. खास अ‍ॅसिड-फ्री बोर्ड मिळतो, पण बजेट! साधा बोर्ड, पुठ्ठा, हार्डबोर्ड यांतलं आम्ल हळूहळू कापडात उतरतं आणि ते तपकिरी होतं. जुना वर्तमानपत्राचा कागद कसा होतो, तसंच. म्हणून बोर्डावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली. पण मॅटीच्या भोकांतून फॉइल चमकते, म्हणून तिच्यावर आजोबांच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे दोन पदर. गाठी त्यात रुततात. धोतरही मागून दोऱ्यानेच ओढून घेतलं. टेप एकही नाही.

मग ताणणं. यात घाईचं काम नाही. चित्राचा मध्य आणि बोर्डाचा मध्य जुळवायचा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर बोर्डाच्या जाडीत एकेक टाचणी, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. मॅटीचा फायदा हा की घरांची एक सरळ ओळ पकडायची आणि ती बोर्डाच्या कडेवरून न हलता गेली पाहिजे. ओळ वाकली की चित्र वाकडं. आईने चारही बाजूंना साडेतीन इंच कोरं कापड सोडलं होतं, म्हणून मागे दुमडायला भरपूर मिळालं. तुम्ही सध्या काही भरत असाल तर हे आत्ताच लक्षात ठेवा. कडेपर्यंत भरलेलं काम ताणताना फार हाल होतात. आणि फ्रेमवाला जास्तीचं कापड कापू म्हणाला तर सरळ नको म्हणा.

टाचण्या लागल्या की पालथं घालायचं आणि मागून दोऱ्याने एका कडेवरून समोरच्या कडेवर नागमोडी आवळत जायचं, मध्यापासून दोन्हीकडे. आधी उभं, मग आडवं. दोरा गोधडीचा, जाड सुती. साधा शिलाईचा दोरा तटकन तुटतो, माझा दोनदा तुटला. कोपरे शेवटी दुमडून टाक्याने बंद. मग सगळ्या टाचण्या काढून टाकायच्या, एकही विसरायची नाही. खाडीजवळच्या आपल्या हवेत टाचणी पहिल्या पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग सहजासहजी जात नाही.

पहिल्यांदा आवळल्यावर मी ऐटीत बोर्ड उचलला तर उजव्या हंसाची मान झुकलेली. बाबा लांबूनच म्हणाले, ‘त्याला डुलकी लागलीये.’ (डिग्रीचा सूड!) सगळा दोरा सोडला, परत टाचण्या, परत मोजणी. चिकटवलं असतं तर इथेच कारभार आटोपला होता. दुसऱ्या वेळी रात्रीचे साडेअकरा वाजले, पण मान ताठ झाली.

काच लावायची की नाही यावर आमच्याकडे दोन पक्ष पडले. आई म्हणाली, नको, कापडाला श्वास घेऊ दे. पण भाईंदरची धूळ, बाल्कनीतली कबुतरं, फोडणीचा धूर... मी काचेच्या बाजूने. अट एवढीच की काच कापडाला टेकता कामा नये. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं, ते कापड पिऊन घेतं आणि बुरशी येते. पोपटांचं तेच झालं होतं. त्यासाठी डिग्रीभोवतीचा जाड माउंट कामाला आला. त्याच्या पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, दोन-दोन एकावर एक लावल्या आणि काचेच्या कडेने, फ्रेमच्या कडेखाली लपतील अशा बसवल्या. काच आणि हंस यांच्यात तीन मिलिमीटर हवा. पट्ट्या फक्त कडेच्या कोऱ्या कापडाला टेकतात, आणि चिकटपट्टी आहे ती काचेच्या बाजूला. आईने ते भिंगातून तपासलं.

फ्रेमच्या आतल्या कडेला बारीक खिळे बाबांनी ठोकले. न सांगता हातोडी घेऊन आले, मी काही बोलले नाही. मागे ब्राऊन पेपर लावला, धूळ आणि कसर आत जाऊ नये म्हणून. त्याची कड लाकडाला चिकटवली, कापडाला नाही. शेवटची बाजू चिकटवताना आईने कागदावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, ‘आता बघा म्हणावं उलटून!’

मग आम्ही दोघीही हसलो.

खर्च? फोमबोर्ड दीडशे, टाचण्या तीस, ब्राऊन पेपर दहा, कागदी टेप चाळीस, फेल्टच्या गोल टिकल्या चाळीस. दोनशे सत्तर रुपये! गोधडीचा दोरा, धोतर आणि फॉइल घरचं. टिकल्या फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना लावल्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. एवढं एक तरी कराच, जुन्या फ्रेमनाही करा.

कुठली भिंत, यावर पुन्हा चर्चा. पश्चिमेची बाहेरची भिंत बाद, तिथे दर पावसाळ्यात ओल आणि पोपडे. गॅसजवळची बाद. खिडकीसमोरची सगळ्यात सुंदर, पण ऊन थेट. म्युझियमं कापडासाठी उजेड साधारण ५० लक्सवर ठेवतात, म्हणजे आपल्याला अंधारच वाटेल इतका. आपल्या वन बीएचकेत ते जमायचं नाही, पण ऊन तरी नको. शेवटी हॉल आणि बेडरूममधली आतली भिंत ठरली. जिथे माझी डिग्री होती, तिथेच.

रविवारी शेजारच्या काकू आल्या. हंस बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पाण्याचं शेडिंग काय सुरेख साधलंय हो तुम्ही!’ आईने माझ्याकडे पाहिलं आणि अजिबात न लाजता म्हणाली, ‘दोन वर्षं लागली तेवढ्याला.’

बाबा मात्र संध्याकाळी बाहेर जाऊन आले, हातात गुंडाळी. माझी डिग्री होती. लॅमिनेट करून आणली. कायमची, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद.

‘आता हिला फ्रेम लागत नाही,’ बाबा म्हणाले. ‘पस्तीस रुपयांत काम झालं.’